फ्लॅटबेड स्कॅनरवर चित्रं करणारं गोव्यात आणखी कोणी आहे का?

कुळागर (फोंडा)

मंडळी, कागद स्कॅन करायचं काम मोबाइलच करायला लागल्यापासून घरोघरचे स्कॅनर माळ्यावर गेलेत. माझं मत असं, की घरातल्या आणि परसातल्या बारीकसारीक वस्तूंचं चित्र करायला फ्लॅटबेड स्कॅनरच्या तोडीचं साधन नाही. काचेवर वस्तू मांडायची, झाकण उघडंच ठेवायचं, खोलीतला दिवा घालवायचा आणि स्कॅन सुरू करायचं. वस्तूच्या मागे उजेड परतवणारं काहीच नसतं, म्हणून पार्श्वभूमी ठार काळी येते.

मी अबोलीपासून सुरुवात केली. अबोलीचं फूल मुळात एका अंगाला पंख्यासारखं पसरलेलं असतं, त्यामुळे ते काचेला पूर्ण टेकतं. १२०० डीपीआयला (इंचाला १२०० ठिपके) पाकळीच्या शिरा तर दिसतातच, केशरी रंग कडेला कसा विरत जातो तेही दिसतं. मग आजेसासूबाईंचा अडकित्ता, सोलां (सुकवलेली आमसुलं), सुपारीच्या शिपटाचा तुकडा, जुन्या खिडकीतून निखळलेले शिंपल्याच्या तावदानांचे कपटे असं काय काय ठेवत गेले.

आता अडलंय ते सांगते. एका प्रदर्शनाच्या अर्जात छायाचित्र, मुद्राचित्र (ठशावरून छापलेलं चित्र) आणि डिजिटल असे तीन रकाने आहेत. माझी चित्रं कशात टाकू? दुसरं, जरा जाड वस्तू घेतली की तिचा काचेपासून लांबचा भाग धूसर होतो, त्याला इलाज आहे का? आणि चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आलीय. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या माथ्यावर टांगतात त्या फळाफुलांचं, सामान बाजारात यायला लागलं की ते स्कॅन करायचा विचार आहे. त्यातलं काय काचेवर टिकेल, कोणी करून बघितलंय?

खटपट्या (म्हापसा)

ताई, धागा आवडला. धूसर होण्याबद्दल आधी हे सांगा, स्कॅनर कुठल्या जातीचा आहे? यात दोन जाती आहेत. जुने, जाडजूड, वेगळा अडॅप्टर लागणारे बहुतेक सीसीडीचे. त्यांच्यात आरसे आणि भिंग असतं, म्हणून काचेच्या वर साधारण सेंटिमीटरभर बऱ्यापैकी स्पष्ट येतं आणि त्यापुढे हळूहळू विरतं. पातळ, यूएसबीवरच चालणारे असतात ते सीआयएस. त्यांची सेन्सरपट्टी काचेला जवळजवळ चिकटून फिरते. कागद झकास येतो, पण वस्तू काचेपासून मिलिमीटर-दोन मिलिमीटर वर उचलली की खेळ खलास. कॅननचे लाईड मालिकेतले सगळे सीआयएस. एप्सनचा व्ही६०० सीसीडी. ऑल-इन-वन प्रिंटरवरचे जवळजवळ सगळे सीआयएस.

नक्की करायचं तर प्लॅस्टिकची फूटपट्टी घ्या. एक टोक काचेवर, दुसरं टोक काडेपेटीवर, आणि स्कॅन करा. मिलिमीटरच्या रेषा जिथपर्यंत वेगळ्या वाचता येतात तिथे पट्टी काचेपासून जेवढी उंच, तेवढी तुमच्या यंत्राची खोली. सेटिंगमधल्या आकड्यांपेक्षा ही चाचणी खरी.

सायकलवाला_पोदेर (मडगाव)

उंडो (गोल पाव) ठेवून बघितला का कोणी? चित्र नाही आलं तरी मुंग्या नक्की येतील.

कुळागर

खटपट्याभाऊ, आमचा जाडजूडच आहे, अडॅप्टरवाला. फूटपट्टीची चाचणी आज रात्रीच करते.

पोदेरबाब, उंडो जाड पडतो, पोई (कोंड्याचा पाव) ठेवून बघते. कोंड्यामुळे पोत चांगला येईल.

पुणेरी_पाहुणा (पुणे, मूळ डिचोली)

थोडं थंड पाणी ओततो, राग मानू नका. आजच्या साध्या फोनला ५० मेगापिक्सेल असतात. काळं कापड आणि खिडकीतला उजेड घेतला की हेच चित्र मिळतं, शिवाय काच ओली होत नाही. स्कॅनरमध्ये उजेड यंत्राचा, अंतर यंत्राचं, कोन यंत्राचा. मग करणाऱ्याने काय केलं? ऑफिसात झेरॉक्स मशिनवर हात ठेवून हाताची झेरॉक्स काढायचे लोक, तीच ही गंमत, फक्त रंगीत.

वाळपईवाली

आमच्या ऑफिसात हात नाही, थेट चेहरा ठेवला होता एकाने. साहेबांनी तो कागद नोटीस बोर्डाला लावला. हसून हसून पुरेवाट.

कुळागर

पुणेरीभाऊ, राग कसला. पण करणाऱ्याने काय केलं ते सांगते.

स्कॅनर खालून बघतो आणि तुम्ही वरून मांडता. काचेला जे टेकलंय ते चित्रात सगळ्यात पुढे, म्हणजे जे आधी ठेवलं ते पुढचं आणि शेवटी ठेवलं ते मागचं. वरून तुम्हाला दिसते ती चित्राची पाठ. समजा सोलांवर अबोली पडलेली दाखवायचीय, तर अबोली आधी पालथी ठेवायची आणि मग तिच्यावर सोलां रचायची. ती रचताना अबोली अर्धा बोट सरकली तरी प्रिव्ह्यू येईपर्यंत कळत नाही. सरकलीच, तर सगळं उपसून पहिल्यापासून. फोनमध्ये तुम्ही बघत बघत हलवता. इथे डोक्यात उलटं चित्र धरून आंधळेपणाने मांडायचं असतं. मला गोडी आहे ती याच कामाची.

शाई_पुसणी (पणजी)

कुळागर ताईंनी नेमकं सांगितलं. मी आल्तिनोवरच्या कला महाविद्यालयात मुद्राचित्रण शिकलो, छाप उलटा उमटतो म्हणून उलटा विचार करण्यात आमचा जन्म जातो. पण ताईंच्या कामाच्या जास्त जवळ आहे ते काचचित्र. जुन्या घरांतून, देवळांतून काचेवर रंगवलेल्या देवांच्या तसबिरी असायच्या, आठवतात? काचेच्या मागच्या बाजूने रंगवायचं आणि पुढून बघायचं. त्यामुळे चित्रकार आधी डोळ्यांतला चमकणारा ठिपका काढणार, मग बुबुळ, मग चेहरा, आणि सगळ्यात शेवटी पार्श्वभूमी. कागदावर चेहरा काढून मग डोळे भरतो त्याच्या अगदी उलट. चुकलं की वरून दुरुस्ती नाही. ही शिस्त स्कॅनरवर आपसूक लागू होते.

आणि कॅमेऱ्याशिवाय चित्र ही काही नवी फॅशन नाही. इंग्लंडमध्ये ॲना ॲटकिन्स या बाईंनी १८४३ मध्ये समुद्रशैवालं सायनोटाइपच्या (उन्हाने निळा होणाऱ्या) कागदावर ठेवून, उन्हात धरून, निळ्या चित्रांचं पुस्तक काढायला सुरुवात केली. भिंग नाही, कॅमेरा नाही, वस्तू थेट कागदावर. पुढे १९२० च्या दशकात मॅन रे आणि मोहोली-नॉज यांनी प्रकाशसंवेदी कागदावर घरगुती वस्तू ठेवून चित्रं केली. मॅन रेच्या चित्रांत किल्ल्या, कंगवे, स्प्रिंगा असलंच सामान. आज त्या चित्रांना कोणी झेरॉक्स म्हणत नाही.

पुणेरी_पाहुणा

मान्य, इतिहास आहे. पण ॲटकिन्सबाईंना दुसरा इलाज नव्हता. तुमच्याकडे इलाज खिशात आहे.

खटपट्या

पुणेरीदादा, मेगापिक्सेलचा हिशेब करूनच टाकू. ए४ काच, ६०० डीपीआय, म्हणजे ४९६० गुणिले ७०१६, साधारण साडेतीन कोटी पिक्सेल. फाईल शंभरेक एमबी. १२०० डीपीआय केलं की चौपट. छापायला ३०० डीपीआय पुरतात, म्हणजे ६०० ला स्कॅन केलेलं ए४ चित्र ए२ आकारात खणखणीत निघतं आणि १२०० चं थेट ए० होतं. फोनचे ५० मेगापिक्सेल नखाएवढ्या सेन्सरवर कोंबलेले असतात, त्यात कडेचे कोपरे मऊ पडतात. स्कॅनरमध्ये कोपरा आणि मध्य सारखेच कडक.

अवांतर: जगातला पहिला डिजिटल स्कॅन १९५७ चा, अमेरिकेत रसेल किर्श यांनी केलेला. त्यांच्या तान्ह्या मुलाचा फोटो, १७६ गुणिले १७६ पिक्सेल. आपल्या अबोलीच्या एका पाकळीला त्याहून जास्त पिक्सेल मिळतात.

दर्याकाठ (हणजूण)

ॲटकिन्सबाई वाचून उडालोच, कारण मी शैवालंच स्कॅन करतो! पावसाळा संपता संपता आमच्या खडकांवर हिरवी, तांबूस, तपकिरी शैवालं भरपूर असतात. उपटत नाही, लाटेने सुटून वाहून आलेलीच उचलतो.

पद्धत सांगतो. शैवाल बाहेर काढलं की त्याचा लगदा होतो, पाण्यातच ते उमलतं. म्हणून परातीत पाणी घेऊन त्यात पारदर्शक शीट बुडवायची. झेरॉक्सच्या दुकानात ओएचपी शीट म्हणून मिळते ती. शैवाल तिच्यावर तरंगू द्यायचं, काडीने फांद्या पसरायच्या आणि शीट एका बाजूने हळूहळू वर उचलायची. पाणी निथळतं आणि शैवाल पसरलेलं तसंच शीटला चिकटून राहतं. शीटची खालची बाजू कोरडी पुसून काचेवर. शीट आणि काच कोरडी चिकटली की कधीकधी इंद्रधनुषी वलयं येतात, तेव्हा शीट जराशी उचलून परत टेकवायची.

आधी गोड्या पाण्यात विसळायलाच हवं. त्यात मिठापेक्षा वाळूची भीती जास्त. वाळू म्हणजे क्वार्ट्झ, कठीणपणा सात. काच साडेपाचच्या आसपास. वाळूचा एक कण आणि वर बोटाचा दाब, एवढ्यात स्कॅनरला जन्मभराचा ओरखडा पडतो, आणि मग तो प्रत्येक चित्रात त्याच जागी येतो.

सुरंगी_गजरा (काणकोण)

शिंपले तसेच ठेवता का मग? मला तिसऱ्यांच्या (खायच्या शिंपल्यांच्या) शिंपा ठेवायच्या होत्या. आतली जांभळट झाक कुठल्याच फोटोत येत नाही.

दर्याकाठ

शिंपा घासून धुऊन, वाळवून, खालच्या कडेला बोट फिरवून बघायचं. खरखर लागली तर मध्ये शीट घालायची. आणि सरकवायची नाही, उचलून ठेवायची. हा नियम सगळ्याच वस्तूंना.

सायकलवाला_पोदेर

तिसऱ्यो आधी खायच्या की आधी स्कॅन करायच्या?

सुरंगी_गजरा

आधी सुक्कें करून खायच्या. शिंपा रिकाम्या झाल्याशिवाय कलेला वाव कुठला.

रांदपाची_खोली (साखळी)

मासळीचा विषय निघालाच आहे तर. आमच्या भाच्याने ताजा बांगडा ठेवला होता, शीट घालून. पाठीवरचे हिरवे-निळे पट्टे काय आलेत! पण मासा दोन-चार मिनिटांच्या वर ठेवू नये. ओल सुटते, आणि शीटच्या कडेवरून एक थेंब जरी काचेच्या फटीत उतरला तरी यंत्राला कायमचा वास. बहिणीने तो स्कॅनर देवघराच्या खोलीतून हलवला.

त्यापेक्षा सुकं सामान. मे महिन्यात पुरुमेंताचं (पावसाळ्याच्या बेगमीचं) सगळं घरात भरलेलं असतं. सुक्या मिरच्या, सोलां, आंबोशी, सुकी सुंगटां (कोळंबी), सांडगे. स्कॅनरला याहून चांगलं गिऱ्हाईक नाही. ओल नाही, हलत नाही, आणि सुरकुतीला सुरकुती दिसते. सोल काचेवर ठेवलं की वरून काळं दिसतं, स्कॅनमध्ये मात्र कडेच्या पातळ भागात गडद लाल उतरतं.

एक इशारा. काजूची बोंडं खुशाल ठेवा, पण ओल्या बियांच्या टरफलाचं तेल काचेला आणि बोटांना लागू देऊ नका. कातडी सोलून निघते.

वाळपईवाली

आमच्याकडे पावसात दिव्याखाली पतंग येतात, मुठीएवढे. सकाळी पडवीत मेलेले सापडतात तेवढेच मी ठेवते. अमेरिकेत जोसेफ शीअर नावाच्या कलाकाराने फ्लॅटबेड स्कॅनरवर पतंगांची मोठमोठी चित्रं केलीत. ती पाहिल्यावर पतंगाला केसाळ म्हणतात ते किती कमी आहे ते कळलं. पंखांवरची पावडर म्हणजे बारीक खवले असतात, ते कौलांसारखे एकावर एक लावलेले दिसतात. पंख काचेवर घासला की तेच खवले जातात, म्हणून चिमट्याने अलगद सोडायचा आणि हलवायचा नाही.

एकदा ॲटलास पतंग मिळाला. त्याचा पंखविस्तार चोवीस-पंचवीस सेंटिमीटरपर्यंत जातो आणि ए४ काचेची रुंदी एकवीसच्या आसपास. आडवा मावत नाही, काचेच्या लांबीला उभा ठेवावा लागतो. देवाने करताना स्कॅनरचा विचार केला नाही.

पुणेरी_पाहुणा

हा पतंग बघायला आवडेल, चित्र टाका की इथे. मी स्कॅनरच्या विरोधात नाही. कौतुक यंत्राचं होतंय की मांडणीचं, एवढंच विचारतोय. बाजारात हल्ली काळ्या पार्श्वभूमीवरच्या फुलांच्या फ्रेमा ढिगाने दिसतात आणि सगळ्या एकसारख्या. काळं आलं की लोक वा म्हणतात. तुमच्यातल्या किती जणांनी काळ्याशिवाय काही केलंय?

शाई_पुसणी

हा मुद्दा बरोबर आहे, पुणेरीभाऊंना पूर्ण गुण. काळं फुकट मिळतं म्हणून वापरलं जातं. मागे काहीतरी ठेवून बघा. हस्तलिखिताचा कागद, कुणबी साडीचा लाल-पांढऱ्या चौकटीचा पदर, कावेच्या रंगाचा हातकागद. कापड वस्तूंवर सैल टाकलं तर जिथे काचेजवळ येतं तिथे वीण स्पष्ट आणि जिथे उचललं जातं तिथे विरलेली. तो चढउतार स्कॅनर फार छान पकडतो.

उजेडाचीही एक गोष्ट. सीसीडी यंत्रात दिवा पट्टीच्या एका अंगाला असतो, त्यामुळे वस्तूची सावली एकाच दिशेला पडते. आपल्या डोळ्याला उजेड वरून यायची सवय. म्हणून मांडतानाच ठरवायचं की चित्राचा माथा कुठल्या बाजूला. उलटं झालं तर उठावाची वस्तू खोलगट दिसते. नाणं ठेवून बघा. जुन्या पोर्तुगीज नाण्यावरचा मुकुट एका दिशेने फुगलेला आणि दुसऱ्या दिशेने दबलेला दिसेल.

खटपट्या

वा! यात माझी भर. सीसीडी यंत्रात आडव्या दिशेला भिंगाचा यथादर्श (लांबचं लहान दिसणं) असतो आणि पट्टी सरकते त्या दिशेला नसतो. त्यामुळे उभी वस्तू, समजा निरांजन, काचेच्या डाव्या-उजव्या कडेला ठेवलं तर ते मध्याकडे झुकलेलं दिसतं, पण वर-खाली कुठेही ठेवलं तरी त्या दिशेला झुकत नाही. दोन वेगळ्या नजरा एकाच चित्रात. फोनने हे करून दाखवा, पुणेरीदादा.

पुणेरी_पाहुणा

हे मात्र माहीत नव्हतं. एक गोल तुमचा.

धाकटी_पाती (वास्को)

मी शाळेत शिकवते. मुलांना पट्टी सरकताना वस्तू हलवायला लावते. पट्टीच्या दिशेनेच हात सरकवला तर बोटं ताणून लांब होतात, उलट दिशेने सरकवला तर आखडतात. मध्येच हात थरथरवला तर नागमोडी. मुलं हसून लोळतात, आणि 'वेळ एका बाजूने दुसऱ्या बाजूला पसरलाय' हे न शिकवता समजतं. आमचा पातळ, सीआयएसवाला आहे. त्यात लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे आळीपाळीने लुकलुकतात, त्यामुळे हलत्या वस्तूला रंगीत कडा फुटतात. ज्यांच्याकडे पातळ स्कॅनर आहे त्यांनी नाराज होऊ नये, त्याची मजा वेगळी. दिव्याकडे टक लावून बघायचं नाही, एवढं मुलांना आधी बजावते.

सुरंगी_गजरा

+१. आणि पानं, पिसं, लेस, रुमालावरचं भरतकाम, सपाट आहे ते सगळं सीआयएसवर उत्तम येतं.

रांदपाची_खोली

पावसाळ्याचं काय करता मंडळी? आपल्याकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. काचेच्या आतल्या बाजूने बुरशी धरते, पुसताही येत नाही.

खटपट्या

वापरत राहणं हाच पहिला उपाय, बंद यंत्राला बुरशी आधी धरते. वापर नसेल तेव्हा मोठ्या प्लॅस्टिक पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसकट बांधून ठेवा आणि पुड्या अधूनमधून तापवून परत कोरड्या करा. काच पुसताना फवारा काचेवर मारायचा नाही, कापडावर मारायचा, नाहीतर पाणी कडेने आत उतरतं आणि सुकल्यावर आतून डाग दिसतो.

सॉफ्टवेअरमध्ये आपोआप रंग सुधारणं, आपोआप कातरणं, धार वाढवणं, धूळ काढणं, सगळं बंद करा. आपोआप चालू असलं की ते काळं बघून गोंधळतं आणि सगळं चित्र उजळून राखाडी करतं. धूळ काढणारं तर अबोलीचे परागकण धूळ समजून पुसून टाकतं.

आणि मोठा स्कॅन चालू असताना लाइट जाणं हा आपला पावसाळी सण. इन्व्हर्टरवर लावा.

म्हालगडो (पेडणे)

सगळं वाचतोय. कौतुक आहेच. पण माटोळीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. माटोळी ही देवाच्या माथ्यावर बांधायची. रानातून वर्षातून एकदा आणलेली फळं-फुलं यंत्राच्या काचेवर पालथी घालणं मनाला पटत नाही. आमच्या घरी तरी चालणार नाही.

कुळागर

म्हालगडे, तुमचं म्हणणं समजलं. आमच्या घरीही सासूबाईंना आधी विचारलं. त्या म्हणाल्या, बांधलेल्यातलं काढायचं नाही आणि देवाचं उरलेलं घ्यायचं नाही. बाजारातून आणतानाच वेगळी जुडी आण आणि तिचं काय करायचं ते कर. तेवढंच करणार आहे.

वाळपईवाली

सत्तरी तालुक्यातल्या बायका ते सामान विकायला आणतात त्यांना वेगळी जुडी घेणारं गिऱ्हाईक मिळालं तर आनंदच आहे. म्हालगड्यांचा मान ठेवून एक बाजू मांडते. माटोळीतली निम्मी नावं आता आमच्या मुलांना येत नाहीत. कांगलां, घागऱ्यो, कवंडळ ही नावं चित्राखाली लिहिली तर कुठेतरी नोंद राहील. कला व संस्कृती संचालनालयाची माटोळी स्पर्धा असते, तिथेही लोक नावानिशी वस्तू मांडतात.

टिकण्याचं विचारलंत म्हणून. घागऱ्यो सर्वांत सोप्या, शेंग वाळकी, हलवली की वाजते. कांगलांचे घोस उत्तम, फळं लहान आहेत, सगळी यंत्राला स्पष्ट दिसतं तेवढ्या खोलीत मावतात. कवंडळ लालभडक आणि गोल, त्याचं फक्त टेकलेलं टोक स्पष्ट येईल. आडवं कापून ठेवायचा मोह होईल, पण ते विषारी, रस हाताला आणि काचेला लावू नका. कळलावीचं फूल स्कॅनरसाठीच जन्मलंय, पाकळ्या उलट्या वळलेल्या आणि लाल-पिवळ्या. तेही विषारी, हात धुवा, मुलांपासून लांब ठेवा. तोरिंग (पपनस) आणि नारळ विसरा. आंबाड्याचं पान घ्या, फळ नको.

म्हालगडो

वेगळी जुडी आणत असाल तर माझी हरकत नाही. नावं मात्र नीट लिहा. आमच्याकडच्या काही वस्तूंना तिसरंच नाव आहे, ती मी सांगेन.

दर्याकाठ

जाड फळांसाठी एक युक्ती. वरून दोरीने टांगून काचेला जेमतेम टेकेल एवढं खाली सोडायचं. वजन काचेवर येत नाही, फळ चेपत नाही, आणि काचेजवळून काळ्यात विरत जातं ते सुंदर दिसतं. धूसर होणं हा दोष मानायचा की नाही ते आपल्यावर. माटोळी नाहीतरी टांगलेलीच असते.

शाई_पुसणी

ताई, तुमचा पहिला प्रश्न मासळीच्या वासात वाहून गेला, त्याकडे येतो. रकाना निवडताना चित्र कसं बघितलं गेलं त्यापेक्षा काय टांगलं जाणार ते बघा. भिंतीवर पिगमेंट शाईचा प्रिंट टांगला जाणार. प्लेट, दगड किंवा लाकूड यावरून दाब देऊन छाप घेतलेला नाही, म्हणून मुद्राचित्रात टाकू नका. आमचे लोक तिथे कडक असतात आणि त्यात काही गैर नाही. छायाचित्रात टाकायला तत्त्वतः अडचण नाही, कॅमेराविरहित चित्रं छायाचित्रणाच्या इतिहासातच धरतात. पण काही परीक्षक मूळ फाईलमध्ये कॅमेऱ्याची माहिती मागतात आणि स्कॅनच्या फाईलमध्ये ती नसते. म्हणून डिजिटल. तंत्राच्या ओळीत स्पष्ट लिहा: फ्लॅटबेड स्कॅनरवर थेट वस्तू, कापसाच्या कागदावर पिगमेंट प्रिंट. 'मिश्र माध्यम' असं मोघम लिहू नका.

आणि आवृत्ती ठरवा. एकूण किती प्रती काढणार ते आधीच ठरवून प्रत्येक प्रतीवर आकडा आणि सही, पेन्सिलीने. नंतर मागणी आली म्हणून वाढवायच्या नाहीत. पुणेरीभाऊंच्या ढिगाने दिसणाऱ्या फ्रेमांवर तोच उपाय.

पुणेरी_पाहुणा

हे पटलं. माझा रकान्याचा आक्षेप नव्हताच, पण तरी पटलं. माळ्यावर जाडा स्कॅनर आहे, अडॅप्टर शोधतो.

कुळागर

शाई_पुसणी, फार आभार. डिजिटलमध्येच टाकते, तंत्राची ओळ तुमचीच वापरते.

फूटपट्टीची चाचणी केली. रेषा सेंटिमीटरभर उंचीपर्यंत वेगळ्या वाचता येतात, त्यानंतर मिसळतात. तेव्हा कांगलां आणि घागऱ्यो पहिल्या. कवंडळ दर्याकाठांच्या पद्धतीने टांगून. म्हालगडे, नावांची यादी तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, तपासून द्या.

नवीन_सभासद_गोंय

छान धागा. सगळा वाचला नाही अजून. माझ्याकडे प्रिंटरवरचा ऑल-इन-वन स्कॅनर आहे, त्यावर नारळ येईल का?

खटपट्या

नारळ येणार नाही. पान, पीस, लेस येईल. फूटपट्टी आणि काडेपेटी घ्या आणि वरचा माझा पहिला प्रतिसाद वाचा.

सायकलवाला_पोदेर

नारळ फोडून खोबरं किसून ठेवा. सपाट येईल.